मधलं बोलणं

तिसरा तास चालू होता. मी पोरांना ‘प’ आणि ‘ब’मधला फरक शिकवत होते. एकेकाचा तळहात आपल्या गळ्याला लावायचा, आधी ‘ब’ म्हणायचं, मग ‘प’, आणि आतली थरथर कधी लागते नि कधी लागत नाही ते त्याला ओळखायला लावायचं. मधेच सगळ्या पोरांनी एकदम दाराकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं.

दारात अंबादास ताकभाते उभा होता. डाळमिलमधून तसाच उठून आलेला. केसांवर, भुवयांवर पिवळी भुकटी.

“बाई, दवाखान्यात चला,” तो म्हणाला. “सोजरला काय म्हणायचंय ते आमाला कळंना झालंय. डॉक्टरीणबाई म्हनत्यात, हिची बोली कळणारं कुणीतरी आणा, त्याबिगर मी हात लावणार न्हाई.”

“कशाला हात लावणार नाहीत?”

त्यानं वर्गाकडे पाहिलं. एकालाही ऐकू येत नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणला. “तिला दिवस गेल्यात. तिला नको हाय. बहुतेक.”

“बहुतेक?”

“त्येच तर कळंना, बाई.”

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, आणि बार्शीच्या मूकबधिर शाळेत मला आठ वर्षं झाली होती. सोजर ही माझी पहिल्या वर्षीची विद्यार्थिनी. आली तेव्हा चौदा वर्षांची घोडी, बसायची लहान पोरांत. आमच्या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. ओठ वाचायचे, आवाज काढायचा, हात बाकावर ठेवायचे. पण वसतिगृहात दिवे लागले की पोरींचे हात सुटायचे, आणि तिथं मी रात्रपाळीला असले की सोजर माझ्यासमोर बसून मला शिकवायची. चुकले की माझा पंजा धरून बोटं नीट करायची. मी तिला बाराखडी दिली आणि तिनं मला तिची भाषा दिली. तोटा तिचाच झाला. तिची बाराखडी सातवीनंतर फारशी तिच्या कामी आली नाही. तिच्या भाषेवर मी पुढं सगळी नोकरी केली.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. अंबादास ऐकणारा-बोलणारा, स्वभावानं गरीब. घरात सासू मथुराबाई. दीड वर्षाची एक मुलगी होती, तिला सगळे बायडी म्हणायचे. बायडीला ऐकू येतं हे कळल्यावर मथुराबाईंनी गल्लीत पेढे वाटले होते.

मी मुख्याध्यापकांना सांगून त्याच्या सायकलीमागं बसून निघाले.

डॉक्टर शैलजा आराध्ये यांचा दवाखाना माझ्या ओळखीचा होता. बाहेरच्या बाकावर मला बघून त्या स्वतः उठून आल्या. आत नेण्याआधी पडद्याजवळ थांबल्या.

“ठोंबरे बाई, तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. दुसरं कुणी नाही का?”

“तिची भाषा येणारं? बार्शीत नाही.”

“तुम्हाला जमेल ना? नाही जमलं तर स्पष्ट सांगा. मी दोन दिवस थांबेन, सोलापूरहून कुणाला तरी बोलावू.”

“जमेल,” मी म्हणाले.

आत टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर बसल्या. मथुराबाई भिंतीला टेकून स्टुलावर, मांडीवर झोपलेली बायडी. अंबादास दाराशी उभाच. सोजर खुर्चीवर पाठ ताठ करून बसली होती. मला पाहिल्यावर तिचा चेहरा असा मोकळा झाला की मला तिच्याकडे बघवेना. मी माझी खुर्ची ओढून तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली.

टेबलावर एक कागद होता. त्यावर सोजरच्या अक्षरात दोनच शब्द: मूल नको.

“हे सकाळी तिनं मला लिहून दिलं,” डॉक्टर म्हणाल्या. “दहा आठवडे झालेत. कायद्यानं तिची एकटीची सही पुरते, ती सज्ञान आहे. पण सही कशावर करते आहे हे तिला कळलंय, हे मला कळायला हवं.”

“तिला काय कळतंया?” मथुराबाई म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, रडून रडून घसा बसला होता. “कुणी लिव म्हनलं की लिवती. शेजारची ती शिवणवाली हाय, तिनंच डोक्यात भरवलं असंल. मुकी हाय बाई ती. आमीच तिचं आईबाप.”

“मुकी आहे, वेडी नाही, मावशी,” डॉक्टर म्हणाल्या.

“मी कुटं येडी म्हनलं? पर तुमी एक सांगा डॉक्टरीणबाई. शिकल्यालं मानूस हाय तुमी. त्यात जीव हाय का न्हाई?”

डॉक्टर नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला.

“आहे.”

“मग?”

“जीव आहे. पण त्याचा माणूस कधी होतो, ते मला माहीत नाही. शिकत होते तेव्हा वाटायचं, पुढं कळेल. बावीस वर्षं झाली, कळलं नाही. काहीजणी दुसऱ्या महिन्यात नाव ठरवून बसतात.” इथं त्या अडखळल्या आणि त्यांनी माझ्याकडे न बघता पुढं म्हटलं, “त्यांच्यासाठी तो माणूसच असतो, आणि त्यांचं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. काहींना तसं वाटत नाही. त्यांचंही खोटं म्हणवत नाही.”

“आपल्याला म्हाईत नसंल तर मग त्या वाटंला जावं कशाला?” मथुराबाई म्हणाल्या. “अंधारात पायाखाली काय हाय ते कळंना, तर मानूस पाय टाकत न्हाई. आनि त्येला बोलता येत न्हाई, सोताची बाजू मांडता येत न्हाई. त्या मुक्या जिवाच्या वतीनं कुणी बोलायचं? मी बोलती.”

मला त्यांचं बोलणं पटत होतं. मनातून मी त्यांच्या बाजूला बसले होते.

सोजरनं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. काय म्हणतात?

मी सांगायला लागले. ‘जीव’ला आमच्याकडे खूण नव्हती. मी छातीवर हात ठेवून श्वास घेतला, मग तोच हात पोटाकडे नेला. सासूबाई म्हणतात, त्याला बोलता येत नाही, त्याची बाजू मी मांडते. डॉक्टर म्हणतात, जीव आहे, माणूस कधी होतो ते माहीत नाही.

सोजरनं एकदा सासूकडे पाहिलं. मग तिचे हात उठले. सावकाश, मला एकही शब्द निसटू नये अशा बेतानं ती बोलली, आणि मी तिच्यामागून बोलत गेले.

“जीव आहे, मला माहीत आहे. मला कुणी सांगायला नको. बायडीच्या वेळी सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. माहीत असून मी नको म्हणते. मुकं कोण, ते मला विचारा. मी आहे मुकी. मला बोलता येतं. घरात तीन वर्षं झाली, मला कुणी काही विचारलं नाही.”

मथुराबाई तिच्या हातांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

“का नको?” डॉक्टरांनी विचारलं. “कारण सांगायलाच हवं असं नाही. पण कागदावर मला काहीतरी लिहावं लागतं.”

मी विचारलं. सोजर म्हणाली, “बायडीच्या वेळी दोन दिवस कळा दिल्या. गावाकडच्या दवाखान्यात. काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही. मग टेबलावर नेलं. मी हात हलवत होते तर त्यांना वाटलं मी झटापट करते. दोन बाजूंना दोन हात बांधले. मला विचारायचं होतं, मी मरतेय का. विचारता आलं नाही. कुणाचं तोंड दिसत नव्हतं, सगळ्यांनी फडकी बांधलेली. मूल बाहेर आलं तेही मला कळलं नाही. हात सोडले तेव्हा संध्याकाळ झाली होती.”

हे बोलताना तिनं मनगटावर मनगट ठेवून दाखवलं. त्याचा अर्थ कुणाला सांगायची गरज नव्हती.

“दीड वर्ष झालं, अजून मी झोपेतून उठते ती हात सोडवत उठते. हा शेजारी असतो, त्याला विचारा.”

दाराशी अंबादास म्हणाला, “उठती. मला वाटायचं, सपान पडलं असंल.”

“पुन्हा मूल होऊ देईन,” सोजर म्हणाली. “पण आत्ता नाही. मला भीती वाटते. ही भीती जाईपर्यंत नाही.”

इथवर सगळं तिचं होतं. मी एक शब्द कमी-जास्त केला नव्हता.

आता माझं सांगते.

सहा महिन्यांपूर्वी, त्याच दवाखान्यात, पडद्यापलीकडच्या खाटेवर माझं तिसरं गेलं होतं. पाचव्या महिन्यात. मुलगी होती. पहिली दोन लवकर गेली, पण हिनं पोटात हालचाल केली होती. मी तिचं नाव ठरवलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आजही सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं होतं की यापुढं आशा ठेवू नका.

सोजर बोलत होती तेव्हा माझं तोंड तिचे शब्द बोलत होतं आणि डोक्यात एकच विचार फिरत होता. दहा आठवडे म्हणजे अजून तीसच.

मी हात टेबलाच्या कडेखाली, मांडीवर घेतले. शाळेत बंदी असताना पोरी बाकाखाली अशाच चोरून बोलायच्या. मीच त्यांना पकडायची. फक्त सोजरला दिसेल इतकं मी बोटांनी बोलले: होऊ दे. मला दे. मी वाढवीन. मी तुझ्याजवळ राहीन, या वेळी कुणी तुझे हात बांधणार नाही. तुला नको ना? मला हवंय.

सोजरचे हात हवेतच थांबले.

“काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं. “काय म्हणते?”

सोजर माझ्या तोंडाकडे बघत होती. शाळेतली तीन वर्षं, वसतिगृहातल्या त्या संध्याकाळी, माझ्या हाताखाली गिरवलेलं तिचं पहिलं अक्षर, सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. मला नाही म्हणणं तिला जमणारं नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी विचारलं होतं.

मग तिनंही हात मांडीवर आणले.

“हे डॉक्टर विचारतात की तुम्ही?”

हातांच्या भाषेत आवाज चढत नाही, चेहरा चढतो. तिचा चढला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, कारण खोलीत तिच्यापर्यंत येणारं सगळं माझ्याच हातांतून येत होतं.

एक क्षण मला वाटलं, ‘डॉक्टर’ म्हणावं. खोलीत दुसऱ्या कुणालाही कधी कळलं नसतं.

“मी,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. मग पुढं वाकली आणि कुणाला दिसो न दिसो, मोकळ्या हातांनी बोलली.

“बाई, तुमचं गेलं तेव्हा मी आले होते. तुम्ही झोपला होता. मी खाटेजवळ बसून गेले.” हे मला माहीत नव्हतं. “तुमच्यासाठी दुसरं काहीही करीन. पण तीस आठवडे वाढवून तुम्हाला दिलं, तर मी रोज तुमच्या दाराशी येऊन उभी राहीन. मग ते तुमचंही होणार नाही, माझंही नाही. नको, बाई.”

“अहो, काय चाललंय?” मथुराबाई म्हणाल्या.

मला खुर्चीतून उठता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी उठले तर तिचं बोलणं बंद पडणार होतं. मी डॉक्टरांकडे वळले.

“मधलं बोलणं तिचं नव्हतं, माझं होतं,” मी म्हणाले. “मी तिच्याकडे मूल मागितलं. माझ्यासाठी. तिनं नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात तर मी जाते, सोलापूरहून माणूस बोलवा.”

मग हेच सगळं मी सोजरला हातांनी सांगितलं, म्हणजे मी कुणाला काय सांगितलं ते तिला कळावं.

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मला वाटलं, रागावतील. “मी तुम्हाला पडद्याजवळ विचारलं होतं,” एवढंच म्हणाल्या. मग सोजरकडे बोट करून मला म्हणाल्या, “मी कशाला ठरवू? तिला विचारा, तुम्ही थांबायचं की जायचं.”

मी विचारलं.

सोजरनं माझ्या हातांकडे पाहिलं. विचार केला. मग म्हणाली, “थांबा. पण हात वर ठेवा.”

मी ते मोठ्यानं सांगितलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच अंबादास हसला. लगेच त्यानं तोंड पुसलं, डाळीची भुकटी गालभर पसरली. तो दारातून पुढं आला आणि सोजरच्या खुर्चीमागं उभा राहिला. “आई, तिला नको हाय. ‘बहुतेक’ न्हाई. नको हाय.”

मथुराबाई माझ्याकडे बघत होत्या. “तुमाला लेकरू न्हाई व्हय, बाई?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मला सहा झाली. हा आनि एक लेक, दोनच ऱ्हायली.” त्यांनी बायडीच्या कपाळावरचे केस सारखे केले. “मला हे पटत न्हाई, डॉक्टरीणबाई. मरंस्तवर पटायचं न्हाई. पर तिचं हात बांधल्यालं मला ठावं नव्हतं. मी भाईरच बसले व्हते दोन दीस. आतनं वरडायचा आवाज येईना, मला वाटलं, बरं चाललंय.”



डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला, ओळ ओळ. मी ओळ ओळ सांगितली. सोजरनं दोन ठिकाणी थांबवून विचारलं, एकदा भुलीबद्दल आणि एकदा, पुढं मूल होण्यात अडचण येईल का म्हणून. उत्तरं कळल्यावर तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. आत जाताना डॉक्टर नर्सला म्हणाल्या, “हिचे हात मोकळे ठेवायचे. आणि तोंडाचं फडकं मी शेवटी बांधीन, तोवर तिला माझं तोंड दिसू दे.” मी तिच्या उशाशी उभी होते. हात वर ठेवून.

पुढचं सांगायचं तर, अंबादास त्या उन्हाळ्यापासून दर रविवारी माझ्याकडे हातांची भाषा शिकायला यायला लागला. त्याची बोटं डाळीच्या पोत्यांनी जाड झालेली, खुणा अर्ध्या व्हायच्या, पण तो चिकाटीचा होता. चार वर्षांनी सोजरला मुलगा झाला. कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं स्वतः मला बोलावणं पाठवलं, आणि डॉक्टरांनी भूल देण्याआधी तिला तीन वेळा सगळं समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी सोजर म्हणाली, पुरे, कळलं. आमच्या शाळेतली बंदीही पुढं उठली. तेव्हा लहान वर्गाला हातांची भाषा शिकवायला कुणाला घ्यावं असा प्रश्न आला, आणि मी मुख्याध्यापकांना एकच नाव दिलं. निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांत होतो. मला मूल झालं नाही. त्या दिवशी मी कुणाच्या बाजूला होते असं आज मला विचारलं, तर मथुराबाईंचं बोलणं मला अजून खोडून काढता येत नाही, आणि सोजरचंही नाही.

पण मला आठवते ती त्या दिवशीची दुपार. सोजर खाटेवर कुशीला वळून पडली होती, जागी होती. अंबादास बायडीला घेऊन बाहेर फिरवत होता. मी स्टुलावर बसले होते. मथुराबाई घरून पेज घेऊन आल्या, डबा खाली ठेवला आणि खाटेपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. तीन वर्षं एका चुलीपाशी काढलेल्या दोघी बायका, आणि त्यांना एकमेकींशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

“बाई,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “दुखतंय का, असं कसं इचारायचं?”

मी दाखवलं. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात पुढं धरले, आणि माझ्याकडे बघून बघून केलं. चुकलं. मी त्यांची बोटं धरून नीट केली. भाकऱ्या थापून थापून कडक झालेली बोटं, वळत नव्हती. मग त्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, सोजरला तोंड दिसेल अशा बसल्या आणि पुन्हा केलं.

सोजरनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मग तिनं सासूकडे पाहिलं, आणि उशीवरून जरा उठून उत्तर द्यायला लागली. ते एका शब्दाचं उत्तर नव्हतं. तिचे हात चालतच राहिले.

“लई बोलती की,” मथुराबाई म्हणाल्या. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मला हातानं थांबवलं. “ऱ्हावू द्या, बाई. तिचं हुंदे आधी सगळं बोलून. मला घाई न्हाई.”